तान्ह्या लेकराचे प्रारब्ध कोणी वाचले?



वाचक माउली, आज जो विषय घेतला आहे तो कीर्तनात सहसा कोणी काढत नाही. पण कीर्तन आटोपून वीणा खुंटीला लागला, मंडळी पंगतीला गेली, की मांडवाच्या कडेला उभी असलेली एखादी लेक पुढे येते आणि तोच विषय काढते. जन्मून एक दिवस झालेल्या, दोन दिवस झालेल्या बाळाला झटके आले. हात एकदम उडाला, पुन्हा उडाला, डोळे एका बाजूला लागले, ओठ चोखल्यासारखे हलू लागले. डॉक्टर म्हणाले, मेंदूला इजा झाली आहे. आणि घरातले म्हणाले, हे कुणाचे तरी पाप आहे. ती विचारते, "महाराज, पाप माझं का बाळाचं?"

पन्नास वर्षे गादीची सेवा केली. हा प्रश्न मराठवाड्यात ऐकला, नगरकडे ऐकला, मुंबईत चाळीतल्या सप्ताहातही ऐकला. शब्द वेगळे असतात. कुठे म्हणतात ग्रहण पाळले नाही, कुठे म्हणतात बाहेरचे लागले, कुठे म्हणतात सटवाईनेच तसे लिहिले. शिकलेल्या घरात हेच जरा सभ्य शब्दांत म्हणतात, "शेवटी कर्म असतं एकेकाचं." बोट मात्र सगळीकडे बाळंतिणीकडेच असते. सासऱ्याचे कर्म, नवऱ्याचे कर्म असे मी फारसे कुठे ऐकले नाही.

आधी दुखणे काय आहे ते नीट पाहू, मग शास्त्राकडे येऊ. आमच्या दिंडीत एक बालरोगतज्ज्ञ चालतात. मुक्कामावर पाय चेपत बसलो की मी त्यांना विचारत असे आणि ते शिकवत. त्यांचे म्हणणे असे. बाळ पोटात असते तोवर त्याचा श्वास वारेतून आणि नाळेतून येतो. कळांच्या वेळी नाळ दाबली गेली, वार वेळेआधी सुटली, बाळंतपण फार लांबले, तर मेंदूला प्राणवायू आणि रक्त कमी पडते. अशा बाळाला बहुधा पहिल्या दिवसातच झटके सुरू होतात. मोठ्या माणसाला आकडी येते तेव्हा सारे अंग ताठते आणि झाडते, तसे तान्ह्याचे होत नाही, कारण त्याच्या मेंदूतली जोडणी अजून पुरी झालेली नसते. म्हणून त्याची आकडी चोरपावलांनी येते. नजर एकीकडे खिळते, पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात, क्षणभर श्वास थांबून बाळ निळे पडते, किंवा एकच हात विजेचा धक्का बसावा तसा उडतो.

पण प्रत्येक हिसका म्हणजे आकडी नव्हे, हेही त्यांनी बजावून सांगितले. पुष्कळ निरोगी बाळांचे हातपाय झोपेत उडतात. आपल्या आज्या म्हणायच्या, सटवाई खेळवते आहे. बाळ जागे केले की ते थांबते, आणि काही महिन्यांत आपोआप जाते. काही बाळांचे हात रडताना किंवा दचकल्यावर थरथरतात. तो हात आपल्या मुठीत हलकेच धरला की थरथर थांबते. आकडी मात्र हात धरला तरी आतून चालूच राहते. रक्तातली साखर उतरली, कॅल्शियम कमी पडले, मेंदूत रक्तस्राव झाला, जंतूंची बाधा झाली, तरी झटके येतात, आणि यांतली काही कारणे अशी आहेत की वेळेत सुई-सलाईन मिळाले तर बाळ सावरते. यातले काय आहे हे घरी बसून ठरवायचे नाही. बाळाला कुशीवर करावे, ऊब द्यावी, तोंडात काही घालू नये, पाणी नाही, गुटी नाही, बोट नाही. कांदा हुंगवत, मीठ-मोहऱ्या उतरवत बसू नये. घड्याळ पाहावे, जमल्यास कुणीतरी मोबाईलवर ते हिसके टिपून ठेवावेत, म्हणजे डॉक्टरांना दिसतात. आणि १०८ ला फोन करावा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असतो आणि तिथे आजारी तान्ह्यावर मोफत उपचार करण्याची सरकारी योजना आहे. मी कीर्तनकार आहे, वैद्य नाही. पण एवढे सांगायला वैद्य असावे लागत नाही.

आता कर्माकडे वळतो.

कोणी म्हणेल, महाराज, तुम्ही कर्मसिद्धांतच सोडायला निघालात काय? सोडत नाही. ज्या दोरीला धरून आयुष्य काढले ती म्हातारपणी कशाला सोडू? पण ती दोरी कशाला बांधली होती हे तरी पाहा. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो की जगात एक सुखी, एक दुःखी, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. सूत्रकार उत्तर देतात की नाही, तो जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. हा झाला देवाच्या बाजूचा युक्तिवाद. देवावरचा ठपका काढायला तो मांडला. त्या एका ओळीचे आपण काय केले? देवाची सुटका करायला लिहिलेला कागद उचलला आणि अडीच किलोच्या लेकराविरुद्ध फिर्याद म्हणून वापरला. आणि पुढचेच सूत्र सांगते की संसार अनादि आहे, कर्माला पहिले पान नाही. ज्या वहीला पहिले पान नाही तिच्यातली नेमकी एक नोंद काढून "हेच ते पाप" असे सांगणारा कोणत्या पाठशाळेत शिकला, हे मला विचारावेसे वाटते.

गीतेचा चौथा अध्याय घ्या. भगवान अर्जुनाला म्हणतात की तुझे आणि माझे पुष्कळ जन्म होऊन गेले, ते सगळे मी जाणतो, तू जाणत नाहीस. हे कुणाला सांगितले? सख्याला, शिष्याला, ज्याचे सारथ्य केले त्या अर्जुनाला. त्याला स्वतःचे मागचे जन्म माहीत नव्हते. मग शेजारच्या आळीतल्या माणसाला दुसऱ्याच्या बाळाचा मागचा जन्म कसा कळला? त्याच अध्यायात भगवंतांनी कर्माची गती गहन असल्याचेही सांगितले आहे. गहन म्हणजे जिथे बाहेरून वाट दिसत नाही असे रान. त्या रानाच्या बाहेर उभे राहून आत कोणते झाड कुठे आहे ते आपण सांगतो.

काही वक्ते गादीवरून म्हणतात की काही लेकरे वसुलीला येतात, मागल्या जन्मीचे देणे फेडून घेतात आणि जातात. ऐकायला ते बरे लागते, श्रोते मान डोलावतात. पण त्या श्रोत्यांत कुठेतरी पदर तोंडाशी धरून एक बाई बसलेली असते आणि तिला वाटते, माझे बाळ माझे सावकार होते. तिच्या छातीत दूध असते. ज्याला पाजायचे त्याला ती सावकार म्हणून बघू लागते, किंवा स्वतःला कर्जबुडवी म्हणून. मला हे कधीच मानवले नाही. प्रारब्धाचा विचार माझ्यापुरता मला आधार देतो. माझा गुडघा दुखतो, माझा आवाज गेला, तेव्हा मी म्हणतो, आले ते भोगू या, नाम घेऊ या. हाच विचार दुसऱ्याच्या दुखण्यावर ठेवला की तो काठीसारखा लागतो.

नैयायिक कारणाचा विचार करताना घटाचे उदाहरण देतात. घटाला माती हे एक कारण, कुंभार दुसरे, चाक आणि दांडा हीही कारणेच. आळंदीला विद्यार्थी असताना हे पाठ करता करता कंटाळा यायचा. आता त्याची किंमत कळते. एका गोष्टीला अनेक कारणे असतात, आणि कारण असणे म्हणजे दोषी असणे नव्हे. चाक फिरले म्हणून घट झाला, पण घट तडकला तर चाकाला कोणी शिक्षा करत नाही. आई ही बाळाच्या जन्माचे कारण आहे. तिच्या शरीरात ते घडले. म्हणून तिने ते केले असे होत नाही.

आणि कारणाबद्दल तरी कुठे एवढी खात्री असते? याच दुखण्याची एक हकीकत डॉक्टरांनी सांगितली ती मला फार आवडली. लंडनचे डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ साली तिथल्या प्रसूतितज्ज्ञांपुढे मांडले की जन्मताना गुदमरलेल्या, अवघड बाळंतपणाच्या मुलांचे हातपाय पुढे ताठर होतात. लोकांनी ते धरले. मग १८९७ साली व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड, जे पुढे मनाच्या शास्त्रासाठी जगभर नावाजले, त्यांनी शंका काढली की कदाचित उलट असेल. पोटात असतानाच मेंदूत काही बिघडले असेल, आणि म्हणून बाळंतपण अवघड गेले असेल. आज डॉक्टर म्हणतात, कधी असे, कधी तसे, आणि पुष्कळदा नेमके सांगता येत नाही. ज्यांनी आयुष्यभर मेंदू पाहिले ते "सांगता येत नाही" म्हणतात. आणि ग्रहणात भाजी चिरली म्हणून झाले, हे मात्र घरातली थोरली जाऊ ठामपणे सांगते.

जाऊबाईंवर राग धरू नका. त्यांनाही भीती वाटत असते. कारण सापडले की भीती कमी होते, मग ते खोटे का असेना. म्हणूनच पाचव्या रात्री पाटा-वरवंटा पूजून सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आपली रीत. लिहिणारी कुणीतरी आहे, एवढ्यावरच माणसाला झोप लागते. मी ती रीत मोडा म्हणत नाही. मला फक्त तिच्यातली एक गोष्ट दाखवायची आहे. सटवाई पाचव्या रात्री लिहिते. गुदमरलेल्या बाळाचा निकाल पुष्कळदा पहिल्या काही मिनिटांतच लागतो. त्या मिनिटांत तिथे कोण हजर आहे, याला काही अर्थ आहे की नाही?

गडचिरोलीची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ खेड्यांत गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायकांना तयार केले. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, बाळाला ऊब कशी ठेवायची, जंतूंची बाधा ओळखून औषध-सुई कशी द्यायची, हे शिकवले. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या तशाच गावांच्या तुलनेत, नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ठरावीक भेटी द्यायच्या, ही देशभराची योजनाही त्याच वाटेने आली.

आता विचार करा. त्या ३९ गावांत जी लेकरे वाचली, त्यांचे सर्वांचे प्रारब्ध एकाच वर्षी सुधारले, आणि शेजारच्या गावांतल्यांचे तसेच राहिले, असे म्हणायचे का? कोणी म्हणेल, त्यांच्या प्रारब्धातच ती बाई येणे लिहिले होते. बरे, तसे म्हणा. माझी हरकत नाही. पण मग आपल्या दारच्या बाळाच्या प्रारब्धात आपण धावून जाणे लिहिलेले नाही, हे आपल्याला कसे कळले? योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला दैवापेक्षा पौरुषावर भर द्यायला सांगतात. दैव म्हणजे आधीचेच पौरुष, आणि आजच्या प्रयत्नाने कालचे मागे सारता येते, असे त्यांचे म्हणणे. संचित आणि प्रारब्ध यांच्याबरोबर क्रियमाण असा तिसरा शब्द आपल्याच शास्त्रात आहे. गावगप्पांत पहिले दोन फार ऐकू येतात, तिसरा कमी. त्याला कष्ट पडतात म्हणून असेल.

पैठणला भर दुपारी गोदावरीच्या तापल्या वाळूत एक पोर रडत होते. नाथबाबा स्नानाला निघाले होते. त्यांनी पोर उचलले, त्याचे नाक-तोंड पुसले, आणि महारवाड्यात त्याच्या आईकडे पोचवले. ही कथा मी कितीदा सांगितली असेल याची मोजदाद नाही. आपण ती स्पृश्यास्पृश्यतेवर सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली. कर्मविपाक त्यांना आपल्यापेक्षा कमी ठाऊक होता काय? वाळूत उभे राहून ते त्या पोराच्या मागच्या जन्माचा विचार करू शकले असते. पाय भाजतात एवढेच त्यांनी पाहिले.

आणि वारकऱ्यांनी तरी लेकराच्या दुःखाचा दोष शोधत बसावे का? आपला संप्रदाय ज्यांना माउली म्हणतो ती चार भावंडे आळंदीत संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडली होती. आईबापाने केले त्याचा डाग मुलांच्या कपाळी लावला. शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरायला लावली. आज मुलाच्या अंगातल्या दुखण्याचा डाग आईच्या कपाळी लावतात. बोट फिरले, पण हिशेब तोच राहिला. असा हिशेब ज्यांच्यावर झाला, त्यांच्या समाधीपुढे आपण दर कार्तिकी वद्य एकादशीला माथा टेकतो.

एक कठीण गोष्ट उरते, ती झाकून ठेवणार नाही. कर्म बाजूला ठेवले तरी त्या आईचा मुख्य प्रश्न सुटत नाही. निष्पाप जिवाला हे का? मी पुष्कळ वर्षे यावर बोललो, ग्रंथ चाळले. मला असे उत्तर सापडले नाही जे त्या काचेच्या पेटीपुढे उभे राहून आईच्या तोंडावर म्हणता येईल. जे तिथे म्हणता येत नाही ते गादीवरून म्हणू नये, असे माझे मत झाले आहे. तेरच्या गोरोबाकाकांचे लेकरू चिखलात तुडवले गेले. कथेत पुढे देव ते परत देतो. पण मधला काळ आहे ना, ज्यात ते चिखलात आहे आणि आई हंबरडा फोडते आहे. कीर्तनकाराला घाई असते म्हणून तो तिथून लवकर पुढे जातो. पुष्कळ आईबापांचे आयुष्य त्या मधल्या काळातच जाते.

त्यांच्यासाठी काही उपयोगाचे बोलतो. झटके आलेले प्रत्येक बाळ पुढे अपंगच होते असे नाही. काहींचे झटके थोड्या दिवसांत थांबतात आणि ती चांगली वाढतात. काहींना पुढे सेरेब्रल पाल्सी होते, कुणाला आकडी राहते, कुणाचे बसणे-बोलणे उशिरा येते. कोणते बाळ कोणत्या वाटेने जाईल हे पहिल्या आठवड्यात नेहमीच सांगता येत नाही, म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नका. पुष्कळ जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. तिथे लवकर व्यायाम सुरू झाला तर हातपायांचा ताठरपणा आटोक्यात ठेवायला मदत होते. "पुण्या-मुंबईला नेले असते तर" या विचाराने स्वतःला जाळू नका. बाळाचे अंग ७२ तास गार ठेवण्याचा एक उपचार मोठ्या रुग्णालयांत करतात. जन्मानंतर सहा तासांच्या आत तो सुरू करावा लागतो. श्रीमंत देशांत त्याचा गुण आला, पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीत तो आला नाही, हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे पैसा असता तर नक्की बरे झाले असते, हा ठपकाही स्वतःवर घेऊ नका. आणि कोणी पोटावर चटके द्यायला सांगितले, बिब्बा लावायला सांगितला, तर बाळ कुणाच्या हाती देऊ नका; मग तो सांगणारा गळ्यात तुळशीमाळ घातलेला का असेना.

घरच्या थोरांना एक वेगळी विनंती आहे. अशा बाळाचे बारसे आपण पुढे ढकलतो. राहते की नाही बघू, मग ठेवू नाव. रुग्णालयात पाळण्याच्या चिठ्ठीवर आईचे नाव लिहून पुढे फक्त 'चे बाळ' असते, आणि पुष्कळदा ते तितकेच राहते. नामावर उभ्या असलेल्या संप्रदायात लेकरू बिननावाचे राहावे हे मला बघवत नाही. जन्मलेले बाळ ऐकते. आईचा आवाज तर पोटात असल्यापासून त्याच्या ओळखीचा असतो. कयाधूच्या पोटात प्रल्हादाने नारदांचे बोल ऐकले ही कथा आपण उगीच सांगत नाही. म्हणून बारावा दिवस रुग्णालयात आला तरी चालेल. पाळणा सजवायला नको, घुगऱ्या नकोत. नर्सबाईंना विचारावे, हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, आणि आत्याने त्या पेटीच्या खिडकीपाशी वाकून बाळाला त्याचे नाव सांगावे. आत्या नसेल तर आईने सांगावे.